फुरसतीची तरतूद

वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरांमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवा रिवाज रुजला आहे, आणि तो इतका रुजला आहे की त्याची नवलाई आता कोणास वाटत नाही. अमरावतीच्या साईनगरात किंवा रुक्मिणीनगरात, अकोल्याच्या जठारपेठेत किंवा रामदासपेठेत, शाळेतून, बँकेतून अथवा जिल्हा परिषदेच्या सेवेतून निवृत्त झालेले एखादे जोडपे घरास कुलूप लावून, किल्ली शेजाऱ्यांच्या हवाली करून आणि तुळशीला पाणी घालण्याचे काम कोणा विश्वासू बाईकडे सोपवून मुंबईची गाडी धरते, आणि तेथून मुलाच्या अथवा मुलीच्या घरी, लंडनला, टोरांटोला किंवा सिंगापूरला, चार-सहा महिन्यांच्या मुक्कामास जाते. ब्रिटनचा पाहुण्यांसाठी असलेला परवाना एका वेळी अधिकात अधिक सहा महिने राहू देतो, अमेरिकेतही बहुधा तितकीच मुदत मिळते, आणि कुटुंबाचा सारा हिशेब मग त्या मुदतीवर बेतला जातो: प्रथम मुलीची आई बाळंतपणासाठी जाते, ती परतण्याच्या सुमारास मुलाचे आईवडील पोचतात, आणि नातवंड पाळणाघरात जाण्याइतके मोठे होईपर्यंत ही पाळी चालू राहते.

परत आल्यावर भेटावयास येणाऱ्यांना हे जोडपे तेथील रस्त्यांची स्वच्छता, रांगेची शिस्त आणि वस्तूंचे भाव सांगते, चॉकलेटे वाटली जातात, आणि अखेरीस, पाहुणे उठण्याच्या बेतात असताना, आवाज जरा खाली आणून खरी गोष्ट सांगितली जाते: ‘बाकी सगळं चांगलं होतं; पण करमलं नाही.’ ही कैफियत मी इतक्या घरांत आणि इतक्या एकसारख्या शब्दांत ऐकली आहे की तिच्याकडे केवळ घरच्या ओढीचा उद्गार म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. कर्त्या वयात ज्यांनी साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळले, पीककर्जाची प्रकरणे निकालात काढली, चार भावंडांची लग्ने उरकली, त्या माणसांना मोकळ्या दिवसाचे काय करावे हे उमगेनासे व्हावे, ही बाब जितकी खाजगी दुःखाची आहे तितकीच सार्वजनिक व्यवस्थेच्या विचाराची आहे. आणि माझे स्पष्ट म्हणणे असे की, ज्या व्यवस्थेच्या अभावी आपल्या माणसांना फुरसत कशी घालवावी हे कधी शिकताच आले नाही, तिचा अभाव लंडनमध्ये नाही, अमरावती-अकोल्यात आहे.

परक्या शहरात दीर्घ मुक्काम करण्याचा अनुभव वऱ्हाडास नवा आहे, असे मात्र कोणी समजू नये. लोकमान्य टिळकांना 22 जुलै 1908 रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यानंतर महिन्याच्या आतच अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, म्हणजे 1897 साली अमरावतीस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात स्वागताध्यक्ष असलेले आणि वऱ्हाडचे नबाब म्हणून लोकांत ओळखले जाणारे प्रथितयश वकील, आपली चालती वकिली टाकून, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, टिळकांच्या अपिलाची तजवीज करण्यासाठी लंडनला निघाले. प्रिव्ही कौन्सिलात यश आले नाही. तरीही दादासाहेब लगेच परतले नाहीत. अन्य मार्गांनी खटपट चालू ठेवून ते 1910 च्या सप्टेंबरापर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, विलायतेस राहिले. बिपिनचंद्र पालांसारखे नेते त्या काळात लंडनमध्येच होते, हिंदी विद्यार्थ्यांच्या राजकारणास तेथे भर आला होता, आणि मागे अमरावतीस घर, अशील व कर्ज यांची चिंता होतीच. अशा मुक्कामाचा ताण केवढा असेल याची कल्पना आज विमानाने एका दिवसात पोचणाऱ्यास, आणि रोज संध्याकाळी घरच्यांची तोंडे भ्रमणध्वनीवर पाहणाऱ्यास, करणे अवघड आहे.

दादासाहेबांना एक सवय होती, आणि तिचे महत्त्व मला परदेशी राहिल्यावर अधिक कळले. ते रोजनिशी लिहीत. वर्षानुवर्षे इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या दैनंदिनी आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि लंडनहून परतल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, 1910 च्या डिसेंबरात, त्यांनी शिर्डीस केलेल्या मुक्कामाची नोंद असलेला त्यांतला भाग साईभक्तांमध्ये आजही आवडीने वाचला जातो. लंडन असो वा शिर्डी, कोर्ट असो वा मशिदीतील आरती, केव्हा उठलो, कोण भेटले, काय बोलणे झाले, याची नोंद करण्याचा त्यांचा क्रम त्यांनी सोडला नाही. रात्री ज्यास दिवसाचा जमाखर्च लिहावयाचा असतो तो दिवस सहसा रिता जाऊ देत नाही, एवढे तर कोणीही मान्य करील.

पुढे 1920 साली पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेस गेले, एडिंबरा व ऑक्सफर्ड येथे वेदवाङ्मयाचा व कायद्याचा अभ्यास करून सहा वर्षांनी परतले. आणि 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी मल्लखांब व कबड्डीची प्रात्यक्षिके करून आला. ही नावे वऱ्हाडात सर्वांस पाठ आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. या सर्वांपाशी परक्या शहरात काही नियत कार्य होते. आजचे आजी-आजोबा जातात ते नियत कार्याशिवाय, किंवा, आजींच्या बाबतीत, दुसऱ्याचे कार्य अंगावर घेऊन; आणि म्हणून त्यांच्या मुक्कामाचा प्रश्न दादासाहेबांच्या मुक्कामापेक्षा एका अर्थाने अधिक कठीण आहे.

माझा स्वतःचा मुक्काम वायव्य लंडनच्या उपनगरांत, मुलीकडे, होता. विल्सडन, डॉलिस हिल, वेंब्ली, हॅरो या टापूत हिंदी लोकांची वस्ती दाट आहे, 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही डॉलिस हिललाच आहे, आणि त्यामुळे आपल्याकडचे आईवडील तेथे बरेच भेटतात. त्यांत दोन प्रकारची माणसे मला दिसली. एक, जी सकाळी चहा घेऊन खिडकीपाशी बसत, दूरदर्शनवरच्या मराठी मालिका आदल्या दिवशीच पाहून झाल्या असल्या तरी पुन्हा पाहत, आणि जावई केव्हा येतो याची वाट पाहत. दुसरी, जी दहाच्या सुमारास कोट चढवून घराबाहेर पडत. या दोहोंतील फरक शिक्षणाचा असेल, इंग्रजीचा असेल किंवा पैशाचा असेल, असा माझा प्रथम समज होता, परंतु चौकशी करता त्यांपैकी कोणतेही कारण टिकेना. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येकास पहिल्या पंधरवड्यात कोणी ना कोणी, बहुधा शेजारच्या घरातील एखाद्या गुजराती आजोबांनी, तीन ठिकाणे स्वतः नेऊन दाखवली होती: बगीचा, वाचनालय आणि बसचा थांबा. बस तेथे एका तिकिटात तासाभरात बदलता येते, आणि बसमध्ये वृद्धांसाठी पुढची आसने असतात, एवढे कळले की निम्मी भीती जाते.

डॉलिस हिलचा ग्लॅडस्टन पार्क हा 1901 साली लोकांसाठी खुला झालेला विस्तीर्ण बगीचा आहे. ग्लॅडस्टन हे ब्रिटनचे पंतप्रधान तेथल्या जुन्या घरी विश्रांतीस येत, म्हणून त्यांचे नाव त्यास दिलेले आहे. तेथे जे मला मोलाचे वाटले ते फुलांचे ताटवे नव्हेत, कारण फुले आपल्याकडेही लावली जातात. मला मोल वाटले ते बाकांचे. चढावर थोड्या थोड्या अंतरावर, दम लागेल नेमक्या त्या ठिकाणी, पाठ टेकता येईल आणि हातांचा आधार घेऊन उठता येईल असे लाकडी बाक आहेत. लंडनच्या बगीच्यांत अनेक बाकांवर लहानशी पट्टी असते, आणि तिच्यावर येथे बसणे ज्यांना आवडे अशा कोणा मृत माणसाचे नाव असते. एखाद्या नामांकित पुढाऱ्याचे नाव त्या पट्टीवर क्वचितच दिसेल. घरच्या माणसांनी आपल्या माणसासाठी, आणि उद्या तेथे बसणाऱ्या अनोळखी माणसासाठी, बाकाचा खर्च केलेला असतो. आपल्याकडेही दानशूरता कमी नाही, मंदिराच्या पायरीवर नावे कोरलेली आपण पाहतोच. बगीच्यातील आसन हेही दानास पात्र आहे एवढेच आपल्या मनात अद्याप आलेले नाही.

वाचनालयाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पाहुण्यास पत्त्याचा दाखला नसल्याने पुस्तक घरी नेता येत नाही, परंतु आत जाऊन बसण्यास, वर्तमानपत्र वाचण्यास, नकाशा पाहण्यास कोणी परवाना मागत नाही. आमच्या अमरावतीचे एक निवृत्त मुख्याध्यापक तेथे रोज दोन तास बसत, मोठ्या टंकातील पुस्तके, जी दृष्टी मंदावलेल्यांसाठी मुद्दाम छापली जातात, क्रमाने वाचत, आणि ग्रंथपाल बाई त्यांच्यासाठी दुसऱ्या शाखेतून पुढचा खंड मागवून ठेवीत. त्यांना मी करमते का असे विचारले नाही. त्यांनी मला वेळ नसल्याचे सांगितले.

ही सुबत्ता आकाशातून पडलेली नाही. इंग्लंडात सार्वजनिक वाचनालयांचा पहिला कायदा 1850 साली झाला, आणि 1964 च्या कायद्याने सर्वांसाठी परिपूर्ण व कार्यक्षम ग्रंथालयसेवा पुरवणे हे स्थानिक परिषदांचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. म्हणजे रस्त्यावरील कचरा उचलणे जसे ऐच्छिक नाही, तसे नागरिकास वाचावयास जागा देणेही ऐच्छिक नाही. कायदा झाला म्हणून सर्व सुरळीत चालते असेही नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ज्या ब्रेंट परिषदेच्या हद्दीत मी राहत होतो, त्याच परिषदेने 2011 साली काटकसरीच्या नावाखाली आपल्या बारांपैकी सहा वाचनालये बंद केली, आणि त्यांत केन्सल राइज येथील ते वाचनालय होते ज्याचे उद्घाटन 1900 साली मार्क ट्वेन यांच्या हस्ते झाले होते. लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले, तेथे हरले, तरी थांबले नाहीत, आणि अखेर त्याच इमारतीच्या एका भागात स्वयंसेवकांनी चालवलेले वाचनालय पुन्हा उभे राहिले. वाचनालय बंद झाले म्हणून माणसे अशी चिडतात, हे दृश्य मला त्या देशातील कोणत्याही राजवाड्याहून अधिक प्रेक्षणीय वाटते. संग्रहालये आहेतच, आणि ब्रिटिश म्युझियमसारखी मोठी संग्रहालये विनाशुल्क आहेत. तेथे अमरावतीच्या नावाचे शिल्पदालन दिसले म्हणजे आपला माणूस थबकतो, तेव्हा ती शिल्पे कृष्णाकाठच्या आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची आहेत हे आधी सांगून ठेवणे बरे.

आता आजींविषयी. परदेशी मुक्कामाची जी वर्णने आपण वाचतो त्यांत आजोबा फिरावयास जातात आणि आजी त्यांच्यासाठी डबा बांधून देतात. ज्या कुटुंबात सून व मुलगा दोघेही कामावर जातात आणि पाळणाघराचा महिन्याचा खर्च ऐकून छाती दडपते, त्या कुटुंबात सासूबाईंचे सहा महिने म्हणजे विनावेतन पूर्णवेळ नोकरी असते, आणि तिला रविवारची सुट्टीही नसते. प्रेमाने केलेले काम हेही कामच असते. मुलांनी हे स्पष्ट शब्दांत कबूल केले पाहिजे आणि आठवड्यातील निदान दोन अर्धे दिवस आईच्या मालकीचे आहेत असे ठरवून दिले पाहिजे. या बाबतीतही त्या वाचनालयाने केलेली सोय मी पाहिली आहे. आठवड्यातून ठराविक सकाळी तान्ह्या मुलांसाठी बडबडगीतांचा तास असतो, त्यास शुल्क नसते, आणि आई, बाप किंवा आजी, कोणीही मूल घेऊन गालिच्यावर येऊन बसते. दर्यापूरकडच्या एक आजी नातीस घेऊन तेथे येत. पहिल्या दिवशी त्या भिंतीस टेकून, पदर सावरून, कानकोंड्या होऊन बसल्या होत्या. गाणी त्यांना येत नव्हती, पण टाळ्या कोठे पडतात हे दोन गाण्यांत त्यांनी ओळखले, कारण लहान मुलांच्या गाण्यांचा ठेका सर्व जगात सारखाच पडतो. पुढे एका सकाळी ग्रंथपाल बाईंनी त्यांना त्यांच्या गावचे गाणे म्हणावयास सांगितले, आणि आजींनी नातीला मांडीवर घेऊन, मान डोलवत, आपले वऱ्हाडी बडबडगीत म्हटले, तेव्हा एक पोलिश, एक सोमाली आणि दोन इंग्रज माता त्यावर टाळ्या देत होत्या. त्यानंतर त्या आजी ‘आज मले लायब्ररीत जा लागते’ असे सुनेस सांगून, स्वयंपाक तसाच ठेवून, वेळेवर निघत.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या जातीस जिव्हाळ्याची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबतो. ब्रिटनमध्ये शहरातल्या माणसाला भाजीपाला पिकविण्यासाठी परिषदेकडून जमिनीचा तुकडा अल्प भाड्याने मिळतो. याविषयीचा इंग्लंडातील मुख्य कायदा 1908 चा, म्हणजे दादासाहेब लंडनला गेले त्याच वर्षीचा आहे. त्या भागातील सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली तर परिषदेस तिचा विचार करणे भाग पडते. परंपरागत तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरांचा, म्हणजे आपल्या मापाने अडीच गुंठ्यांचा असतो, आणि लंडनमध्ये त्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागते. पाहुण्याच्या नावे तुकडा मिळत नाही, परंतु ज्याच्या नावे आहे त्यास कुदळ मारणारा हात नेहमीच हवा असतो. अकोटकडील एक शेतकरी गृहस्थ, मुलाकडे आलेले, महिनाभर घरात कोंडल्यासारखे राहिल्यावर, शेजारच्या वृद्ध इंग्रजाबरोबर त्याच्या तुकड्यावर गेले. त्यांनी प्रथम काय केले असेल, तर वाकून माती मुठीत घेतली, थुंकी लावून बोटांत मळली आणि तिची वळी करून पाहिली. लंडनच्या पोटाखाली चिकणमातीचा जाड थर आहे. ओल धरली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तेथील घरांचे पाये या फुगण्या-आकसण्याने हलतात, हे तेथील घरमालकांचे नित्याचे गाऱ्हाणे आहे. ‘हे त आपल्याच वावरासारखं हाय, भाऊ,’ ते मला म्हणाले, ‘ओली असली का पायाले चिकटते, अन् वाळली का भेगा.’ पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत ज्याचा जन्म गेला, त्याने एका मुठीत ओळखावे असे काही त्या परक्या शहरात होते. नंतर त्यांनी तेथे मेथी टाकली, सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला, पालक टाकला. मेथी थंडीने रडतखडत वर आली, सांबार मात्र असा माजला की चार घरांत जुड्या वाटाव्या लागल्या. आणि इंग्रज शेजाऱ्याने त्यांना, वर्षानुवर्षे जपलेल्या आपल्या गुलाबी देठाच्या रुबार्बची मुळी खणून कशी विभागावयाची, ते खुणांनी शिकवले. दोघांत मिळून पंचवीस शब्दांची भाषा सामाईक नव्हती.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण लंडनची स्तुती करणे हे नाही. त्या शहरातही एकाकी म्हातारी माणसे पुष्कळ आहेत आणि हिवाळ्यात चार वाजता पडणारा अंधार भल्याभल्यांस खचवतो. कारण असे, की वर सांगितलेल्या माणसांची फुरसत ज्यावर उभी राहिली ती प्रत्येक वस्तू, म्हणजे बगीचा, वाचनकक्ष, बडबडगीतांचा तास, भाजीचा तुकडा, ही कोणत्या तरी परिषदेच्या अंदाजपत्रकातील एक बाब आहे. आता आपला कायदा पाहा. अमरावती महानगरपालिका 1983 साली आणि अकोला महानगरपालिका 2001 साली अस्तित्वात आली. दोघींचा कारभार ज्या 1949 च्या अधिनियमाने चालतो त्यात कर्तव्यांचे बंधनकारक आणि ऐच्छिक असे दोन वर्ग आहेत, आणि उद्याने, क्रीडांगणे, वाचनालये यांची गणना ऐच्छिक वर्गात होते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम 1967 चा; त्याने ग्रंथालये चालवण्याचे काम नोंदणीकृत संस्थांवर सोपवून त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने शासकीय अनुदान देण्याची पद्धत घातली, परंतु ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवण्याची तरतूद केली नाही, जी शेजारच्या कर्नाटकाने दोन वर्षे आधीच, 1965 साली, केली होती. जे ऐच्छिक असते ते तंगीच्या वर्षी प्रथम कापले जाते, आणि आपल्या महानगरपालिकांना तंगीचे नसलेले वर्ष क्वचितच येते.

अकोल्यास बाबूजी देशमुख वाचनालयासारखी, अमरावतीस नगर वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, आणि ज्या पिढ्यांनी त्या तोटा सोसून जगवल्या त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आज शहरातील बहुतेक वाचनकक्षांत जाऊन पाहा: स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले पहाटेपासून जागा धरून बसलेली असतात. त्यांना बसू द्यावेच, खेड्यावरून आलेल्या त्या मुलांना दुसरी जागा नाही. पण मग सत्तरीच्या माणसाने वर्तमानपत्र घेऊन कोठे बसावे? अमरावतीच्या मालटेकडीवर सकाळी माणसांची रीघ असते, वडाळी व छत्री तलावावर रविवारी गर्दी असते, अकोल्याच्या नेहरू पार्कात संध्याकाळी मुले खेळतात. म्हणजे लोकांना बाहेर पडण्याची हौस नाही असे म्हणता येणार नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या दरम्यान, चालण्याचा व्यायाम आटोपल्यावर आणि देवळाची आरती होण्यापूर्वी, जो लांबलचक दिवस उरतो, त्यासाठी मात्र शहरात पैसे न देता बसण्याची जागा जवळजवळ नाही. पूर्वी ओटा होता, पार होता, दुकानाची फळी होती, गावचा कोतवालही तेथे घटकाभर टेकत असे. घरांना कुंपणभिंती आल्या, ओट्यांच्या जागी वाहने उभी राहू लागली, पारावरची झाडे रस्तारुंदीत गेली. आणि त्यांच्या बदल्यात काय द्यावयाचे याचा विचार कोणत्याही सभागृहाने केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मग असा माणूस लंडनला जातो आणि तेथे बाकावर बसावयास संकोचतो, कारण विनाकारण सार्वजनिक जागेत बसणे म्हणजे रिकामटेकडेपणा, हे त्याच्या शहराने त्यास आयुष्यभर शिकवलेले असते.

अंधानुकरणाचा सल्ला मी देणार नाही. लंडनचा हिरवळीचा बगीचा अकोल्यात मे महिन्यात काय उपयोगाचा? जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेथे दुपारी अकरा ते पाच माणसाला छप्पर हवे, गारवा हवा, प्यावयास पाणी हवे. 2022 च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये इंधनाचे भाव भडकले आणि वृद्धांना घर तापवणे परवडेनासे झाले, तेव्हा अनेक परिषदांनी आपली वाचनालये ऊबदार खोल्या म्हणून सर्वांस खुली केली. कोणीही यावे, बसावे, चहा घ्यावा, वाचावे. याच न्यायाने अमरावती व अकोला येथे एप्रिल ते जून या तीन महिन्यांत प्रत्येक प्रभागात एक गार वाचनकक्ष चालवता येईल. त्यासाठी नवी इमारत नको. मे महिन्यात महानगरपालिकेच्या शाळा रिकाम्या असतात, समाजमंदिरे लग्नतिथी सोडल्यास बंद असतात; तेथे दोन कूलर, एक माठ, दहा खुर्च्या, चार वर्तमानपत्रे आणि किल्ली सांभाळणारा एक मनुष्य, एवढा बंदोबस्त पुरे. उन्हात भाजी विकणारी बाई आणि सायकलरिक्षा ओढणारा मनुष्य हेही तेथे घटकाभर टेकतील, आणि त्यांनी टेकलेच पाहिजे. पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. एका चौकाच्या सुशोभीकरणात, जे दोन पावसाळ्यांत कळाहीन होते, असे अनेक कक्ष निघतील असे माझे मत आहे.

जे जाण्याच्या तयारीत आहेत त्यांना माझे सांगणे थोडके आहे. पापड-लोणच्यांच्या वजनातून एक कोरी वही वाचवा आणि दादासाहेबांप्रमाणे रोज रात्री चार ओळी लिहा. पहिल्या आठवड्यातच मुलास सांगा की प्रेक्षणीय स्थळे मागाहून पाहू, आधी मला वाचनालय, बगीचा आणि बसथांबा दाखव, आणि एकदा मला एकट्यास जाऊ दे. आजींनी बडबडगीतांच्या तासाची चौकशी करावी. मुलांनीही आईवडिलांना घर राखावयास ठेवल्यासारखे ठेवू नये.

आणि जे परत आले आहेत त्यांच्यावर मी अधिक भिस्त ठेवतो, कारण त्यांनी दुसरी व्यवस्था डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्यांच्यापाशी, निवृत्त झाल्यामुळे, वेळ आहे. त्यांनी चॉकलेटे जरूर वाटावीत. पण त्याबरोबर आपल्या प्रभागातील पाच-दहा जणांनी मिळून एक अर्ज लिहावा. त्यात बाक कोठे हवेत ते चढ-उतार पाहून नमूद करावे, कोणती शाळा मे महिन्यात रिकामी असते तिचे नाव द्यावे, वाचनकक्षातील किती जागा वृद्धांसाठी राखाव्यात ते सांगावे. महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. ती भरवण्याची मागणी नगरसेवकाकडे लेखी करावी, आणि अर्जाची एक प्रत आयुक्तांच्या नावे द्यावी. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच आवक शाखेत द्यावा, आणि त्यावर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये.